पंचनाम्याबाहेरचे कोकण

कोकणपट्टीचे वर्णन करावयास बसलेल्या मराठी लेखकाची लेखणी माड-पोफळी, जांभ्याचे चिरे आणि समुद्राची गाज यांच्यापाशी इतकी रेंगाळते की, या पट्टीत राहणारा माणूस वर्षाचे बारा महिने नेमका कसला हिशेब करीत असतो, हे सांगावयाचे बहुधा राहूनच जाते. तो हिशेब पाण्याचा असतो. आभाळातले पाणी केव्हा येईल, किती येईल आणि कोणत्या नक्षत्रापर्यंत टिकेल. खाडीतले पाणी उधाणाला कोठवर चढेल. विहिरीचे पाणी वैशाखात तळ गाठील की, घर किनाऱ्यालगत असेल तर, त्याआधीच मचूळ होईल. हे आडाखे येथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बांधले आणि त्यांच्यावर आपली भातशेती, मासेमारी, बागायत, घरांची शाकारणी, लग्नसराई, एवढेच नव्हे तर मुंबईतल्या चाकरमान्याची रजादेखील बसविली. हे आडाखे गेल्या काही दशकांत चुकू लागले आहेत, आणि तोच प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

या विषयावर लिहिताना मजकूर फार लवकर पृथ्वीगोलाच्या तापमानाकडे तरी जातो, किंवा वादळ होऊन गेल्यावर निघणाऱ्या मंत्र्यांच्या दौऱ्याकडे तरी. या दोहोंच्या मध्ये गावाच्या बांधावरून आणि तालुक्याच्या कचेरीतून दिसणारा जो भाग आहे, त्याच्याकडे मराठीत अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. ग्रंथातील प्रकरणे तेवढ्यापुरतीच मर्यादित आहेत. उत्तरेस डहाणूपासून दक्षिणेस तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेली, सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये जेमतेम चाळीस ते साठ किलोमीटर रुंद असलेली ही चिंचोळी पट्टी. तीत खाडीकाठचा आगरी आणि कोळी, डोंगरउतारावरचा कुणबी, बंदरावरचा खारवी, गाबीत आणि दालदी, वाडीतला भंडारी, आणि कड्याखालच्या ठाकर व कातकरी वस्त्या अशा नाना समाजांनी आपापली जागा धरून ठेवली आहे. ऋतुमान पालटले म्हणजे या साऱ्यांवर एकच आघात होतो असे नाही. प्रत्येकाचा तोटा वेगळा, त्याची वेळही वेगळी. माझ्या मते या ग्रंथातून निघणारा मुख्य सिद्धांत मात्र एकच आहे, आणि तो असा की, आमच्या महसुली दप्तरास आपत्ती कळते, ऋतुमान कळत नाही. मोडलेले झाड, वाहून गेलेली होडी, कोसळलेली भिंत यांचा पंचनामा होतो. न आलेला मोहोर, समुद्रात न जाता गेलेला दिवस आणि हळूहळू खारावत गेलेले शेत यांचा होत नाही. कोकणाचे जे नुकसान खरोखर मोठे आहे ते या दुसऱ्या प्रकारचे आहे.

प्रथम समुद्राविषयी. मुंबईकर वाचकास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट अशी की, कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली आणि अपोलो बंदरावर समुद्राच्या पातळीची नोंद १८७८ पासून होत आली. इतकी जुनी दप्तरे आशियाखंडात फार थोड्या ठिकाणी असतील. या आणि यांसारख्या नोंदींच्या आधारे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी जे काढले आहे, त्याचा सारांश असा: हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचे उन्हाळ्यातील तापमान १९०१ ते २०१२ या अवधीत सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढले. ज्या पाण्यावर वादळे पोसली जातात ते पाणी असे तापत गेल्यामुळे, पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाणारा अरबी समुद्र आता तसा राहिलेला नाही. १९८२ ते २०१९ या काळाचे दोन भाग करून पाहिले असता उत्तरार्धात तेथील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी वाढलेली दिसते. पावसाचेही तसेच. पश्चिम किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्यात अत्यंत मुसळधार आणि विस्तृत अशा पावसाच्या घटना १९५० नंतरच्या साडेसहा दशकांत तिपटीने वाढल्या, आणि तेही एकूण पाऊसमान वाढलेले नसताना. तापलेल्या समुद्रावरून वारे अधिक बाष्प घेऊन येतात, तेही सातत्याने नव्हे तर उसळी मारून. त्यामुळे चार आठवड्यांचा पाऊस चार दिवसांत पडतो आणि मधले आठवडे कोरडे जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्याच वेळी कुलाब्यास तो ७३ मिलिमीटर होता. सरासरी नावाच्या आकड्यावर किती विसंबावे, हे एवढ्या एका उदाहरणावरून कळावे.

हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वमान्य तारखा नव्याने ठरविल्या. मुंबईपुरते बोलावयाचे तर आगमनाची तारीख १० जूनवरून ११ जूनवर गेली, म्हणजे नाममात्र हलली. परतीची मात्र २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर गेली. वरवर पाहता ही कारकुनी दुरुस्ती. परंतु हळवे, निमगरवे आणि गरवे अशी भाताची प्रतवारी करून, कोणते भात कोणत्या नक्षत्रात निसवेल आणि कोणत्या नक्षत्रात विळ्याखाली येईल याचा ताळा ज्यांनी बसविला, त्यांच्या दृष्टीने ऑक्टोबरचे हे नऊ दिवस म्हणजे कापणीचे दिवस होत. हळवे भात तयार होऊन उभे असते आणि पाऊस उभा राहतो; पीक आडवे होते, लोंबी चिखलात टेकते आणि दाण्याला जागच्या जागी कोंब फुटतो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर समुद्रात ‘क्यार’ नावाचे महाचक्रीवादळ किनाऱ्याला न शिवता निघून गेले, तरी त्याच्या पावसाने कापून ठेवलेले आणि उभे असलेले असे दोन्ही भात कुजविले. लगोलग ‘महा’ आले. अरबी समुद्रात दोन वादळे एकाच वेळी घोंगावत असल्याचा तो प्रसंग उपग्रहांच्या काळात प्रथमच नोंदला गेला.

दुसऱ्या टोकाचा अनुभव २०२५ चा. त्या वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. शहरातील माणसास उकाडा टळल्याचा आनंद झाला असेल; परंतु कोकणात रोहिणी नक्षत्र हे धूळवाफेच्या पेरणीचे, म्हणजे कोरड्या मातीत बी टाकून मृगाची वाट पाहण्याचे असते. राब भाजून, जमीन नांगरून तयार होण्यापूर्वीच पाऊस आल्यामुळे पुष्कळांना पेरणीस वाफसाच मिळाला नाही. झाडावर राहिलेला आंबा, वाळत घातलेली मासळी, अर्धवट शाकारलेली छपरे, न साठविलेली लाकडे या गोष्टी तर कोणी मोजीतही नाही.

आता खारेपाटाकडे वळतो, कारण मला या ग्रंथातील तेच प्रकरण सर्वांत महत्त्वाचे वाटते. अलिबाग आणि पेण या तालुक्यांत, धरमतरच्या खाडीला आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या मुखांना लागून, भरतीच्या रेषेखाली असलेली हजारो एकर भातजमीन आहे. ही जमीन निसर्गाने दिलेली नव्हे. समुद्राकडून बांधाच्या जोरावर मागून घेतलेली आहे. खाडीच्या चिवट मातीचा बाहेरचा बांध, त्याला जागोजागी बसविलेल्या उघाड्या, आणि आत शेतांचे लहान बांध अशी तिची रचना. उघाडीची लाकडी झडप ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने उघडते आणि भरतीला बाहेरच्या दाबाने आपोआप मिटते, इतके साधे ते यंत्र. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी शेतात कोंडून, मग उघाडीवाटे सोडून देऊन माती धुतली जाते. मीठ उतरले की मोड आणलेले बी चिखलात फेकतात, ज्याला तिकडे रहू म्हणतात. भात निघाल्यावर तळ्यांतून आणि खाचांतून जिताडा मिळतो, आणि अलिबागकडे जावयाचा पाहुणचार त्याच्यावाचून पुरा होत नाही.

या सर्वाचा आधार म्हणजे बांध, आणि बांधाचा आधार म्हणजे त्याची दरवर्षीची दुरुस्ती. खेकडे बिळे करतात, उंदीर पोखरतात, उधाणाच्या लाटा पायथा खातात. एक पावसाळा कानाडोळा केला की खांड जाते, म्हणजे बांध फुटतो, आणि एका भरतीत शेकडो एकर खारट होते. म्हणून येथे शिलोत्री नावाची पद्धत होती. बांध राखण्याची जोखीम शिलोत्रीदाराची, आणि त्याबद्दल कुळांकडून भाताचा ठराविक वाटा त्याला मिळावयाचा. या पद्धतीची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्याच मुलखात खोतीचा जुलूम असह्य झाल्यामुळे चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे शेते पडीत ठेवून संप केला, हा इतिहास महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली हे योग्यच झाले. परंतु जुनी व्यवस्था गेली तेव्हा तिच्याबरोबर बांधाची जबाबदारीही सुटली, आणि तिच्या जागी आलेली व्यवस्था कागदोपत्री राहिली. १९४८ चा खारभूमीचा कायदा आणि त्यानंतर १९७९ चा खारजमीन विकास अधिनियम यांनी बांधांचा कारभार उत्तरोत्तर सरकारी खात्याकडे नेला. खांड पडली की अर्ज, अर्जावर पाहणी, पाहणीवर अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावर मंजुरी, आणि तोवर दुसरा पावसाळा. पूर्वी ज्या गावात खांड गेल्याची हाक आली म्हणजे घरटी एक माणूस फावडे घेऊन धावत असे, तेथे तरुण मंडळी कारखान्यांत आणि मुंबईत गेली आहेत, आणि उरलेल्यांस आपण सरकारी मालमत्तेस हात लावावा की नाही हेच उमगत नाही.

अशा रीतीने आधीच ढिला पडलेल्या बांधावर आता चढत्या समुद्राची भरती येऊन आदळते. पातळीतील वाढ वर्षाला काही मिलिमीटर इतकीच. ती कोणाच्या नजरेस येत नाही. परंतु पावसाळ्यातील उधाणाची भरती, वरून डोंगराचा लोंढा आणि समुद्राकडून वारा या तिघांचा मेळ पडला म्हणजे बांधाच्या माथ्यावरून पाणी जाते, आणि असा मेळ पडण्याचे प्रसंग वाढत आहेत. एकदा खारे पाणी आत येऊन राहिले की दोन-तीन वर्षांत शेतात तिवराची रोपे दिसू लागतात. तिवर ही किनाऱ्याची संरक्षक वनस्पती. न्यायालयाने आणि सरकारने तिला संरक्षण दिले ते सर्वस्वी उचित. पण त्यामुळे असा पेच उभा राहतो की, बांध फुटल्यामुळे शेताचे कांदळवन झाले, कांदळवन झाल्यामुळे ते तोडता येत नाही, तोडता येत नाही म्हणून बांध दुरुस्त करून उपयोग नाही, आणि सातबाऱ्यावर मात्र शेतकऱ्याचे नाव व भाताचे क्षेत्र पूर्ववत नांदत आहे. या शेतकऱ्याचे नुकसान कोणत्या तारखेस झाले? पंचनाम्याच्या छापील नमुन्यात तारखेचा रकाना असतो आणि तो भरल्यावाचून पुढचे काही होत नाही. गोव्यात खाजन जमिनींची आणि मानशींची, म्हणजे तिकडच्या उघाड्यांची, जी व्यवस्था गावकारीने शतकानुशतके चालविली, तिच्याही नशिबी थोड्याफार फरकाने हेच आले आहे. जिज्ञासूंनी दोन्हींची तुलना अवश्य करून पाहावी.

हापूस आंब्याबद्दल लिहिताना मराठी माणूस बहुधा रसाकडे वळतो. मी मोहोराकडे वळू इच्छितो. पाऊस संपून जमीन सुकली, ऑक्टोबरच्या उन्हात पालवी जून झाली आणि नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री गार पडू लागल्या, म्हणजे हापूसच्या काडीला मोहोर येतो. या साखळीतील प्रत्येक कडी वेळेवर पडावी लागते. पाऊस नोव्हेंबरात रेंगाळला तर काडी विश्रांती न घेता पुन्हा पालवते, आणि पालवलेल्या काडीला मोहोर येण्यास आणखी काही महिने जावे लागतात. मोहोर आल्यावर डिसेंबर-जानेवारीत ढग दाटून पावसाची एक सर जरी पडली, तरी तुडतुडे आणि करपा यांचे फावते आणि मोहोर काळवंडून गळतो. थंडी लांबली तर आणखी चमत्कारिक प्रकार होतो. ज्या काडीवर वाटाण्याएवढी फळे धरली आहेत तिच्यावरच दुसरा मोहोर फुटतो, झाडाचा सारा जोर त्या नव्या फुलोऱ्याकडे जातो आणि धरलेली फळे गळून पडतात. बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात, आणि डवरलेले झाड पाहून वाटसरू खूश होत असतो त्याच वेळी बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. यांतून जे फळ वाचेल त्याला मार्चातली उष्णतेची लाट होरपळविते, आणि कापल्यावर आत साका, म्हणजे बिघडलेला गर, निघाला तर त्या पेटीचा व्यापाऱ्याशी तंटा वेगळाच. या सर्वांवर उपाय म्हणून फवारण्या वाढल्या, मोहोर लौकर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी संजीवके ओतली गेली, खर्च वाढला, कर्ज वाढले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुष्कळ चांगले काम केले आहे. तथापि संशोधनाची गती आणि हवेच्या लहरीची गती यांचा मेळ बसणे कठीण.

हवामानावर आधारलेली फळपीक विमा योजना याच अडचणीवर तोडगा म्हणून आली, आणि तत्त्वतः ती पंचनाम्याहून पुढचे पाऊल आहे, कारण तीत मोडलेल्या झाडाऐवजी तापमान आणि पाऊस मोजतात. पण मोजतात कोठे? महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रात. देवगडचा सडा, म्हणजे जांभ्याचे पठार, समुद्राला लागून, आणि केंद्र पाच-सात कोस आत एखाद्या खोलगट जागी, अशी स्थिती असल्यास सड्यावर करपलेला मोहोर यंत्राच्या हिशेबी सुखरूप असतो. कोकणात एका डोंगराच्या दोन अंगांना दोन हवामाने नांदतात, ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असताना विम्याच्या कोष्टकात तिला स्थान मिळू नये, हे आश्चर्य होय.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड आणि खाडीपलीकडे केळशी, आंजर्ले, हर्णै येथील वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या. तेथील वाडी म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकास सांगितले पाहिजे. ती एका पिकाची शेती नसते. वर माड, त्याच्या खाली पोफळ, पोफळीच्या खोडावर चढविलेली मिरी किंवा पानवेल, सावलीत जायफळ, तळाशी केळ आणि अननस. दहा-वीस गुंठ्यांत पाच मजल्यांचे उत्पन्न. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळीला फळ धरावयास सात-आठ वर्षे लागतात, माडाला जवळजवळ तितकीच, जायफळाचे तर पुढच्या पिढीसाठीच लावावयाचे. या वाडीचे नुकसान प्रथम हेक्टरावर मोजले गेले. सरकारने नेहमीच्या दरात वाढ करून हेक्टरी ५० हजार रुपये दिले, आणि सरकारी मानाने ही उदारता म्हणावी लागेल. परंतु हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्यास सुमारे पाचशे रुपये. पंधरा गुंठ्यांचा धनी असलेल्या माणसाच्या हाती साडेसात हजार आले आणि पडलेली खोडे वाडीबाहेर काढण्यासच त्याहून अधिक खर्च झाला. देशावरच्या सलग शिवारासाठी बनविलेला गज येथल्या उभ्या वाडीला लावल्याचा हा परिणाम. बागायतदारांनी झाडांची मोजणी मागितली ती योग्यच होती. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या मध्यास ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे गेले आणि ‘निसर्ग’मधून बचावलेल्या सिंधुदुर्ग व रत्नागिरीतील बागांवर हात फिरवून गेले.

समुद्रावर पोट असणाऱ्यांची कथा निराळी आहे. मालवणच्या किनाऱ्यावर अजून कोठे कोठे रापण ओढतात. होडीने जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडावयाचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणावयाची, आणि मग बायाबापड्यांसह सारा जमाव दोन दोऱ्यांना लागून ते ओढीत आणावयाचे. आलेल्या मासळीचे वाटे ठरलेले, म्हाताऱ्याचा आणि विधवेचाही त्यात भाग. ही रापण किनाऱ्याजवळ येणाऱ्या तारली, बांगडा, पेडवे यांच्या थव्यांवर अवलंबून आहे. तारली मुळात मलबारची रहिवासी. पाणी तापत गेले तशी तिची वस्ती गेल्या तीन-चार दशकांत उत्तरेकडे सरकत आली, आणि काही वर्षे कोकणास तो लाभही झाला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. पण लाभही आता बेभरवशाचा आहे. थवा किनाऱ्याशी येण्यापूर्वीच पर्ससीन जाळ्यांत जातो. २०१६ मध्ये राज्य सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, पण त्यांची अंमलबजावणी गस्तीच्या नौकांवर अवलंबून, आणि गस्तीच्या नौका मोजक्या. त्यात जून-जुलैची बंदी संपून नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होतो न होतो तोच वादळाच्या इशाऱ्यांनी होड्या बंदरात परतू लागतात. इशारा पाळला तर दिवस बुडतो, न पाळला तर माणूस बुडतो. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ वादळाच्या वेळी जे खलाशी परत आले नाहीत त्यांच्या घरच्यांना यातील दुसरा अर्धा भाग कोणी सांगावयास नको. प्रत्येक इशाऱ्याबरोबर देवगडच्या सुरक्षित बंदरात परराज्यांतल्याही शेकडो नौका आसऱ्यास येतात, बर्फ वितळते, डिझेल जळालेले असते, तांडेल आणि खलाशी यांचा खर्च चालू असतो. जाळे फाटले नसल्यामुळे पंचनाम्यास विषय नाही.

डोंगराच्या पायथ्याविषयी फार लिहवत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव आणि जुई, २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी. ज्या वस्त्यांची नावे जिल्ह्याबाहेर कोणास ठाऊक नव्हती ती दरड कोसळल्यावर ठाऊक झाली. एकट्या तळीयेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. इरशाळवाडीपर्यंत तर वाहन जाईल असा रस्ताच नव्हता, आणि मदतपथकांना अंधारात डोंगर चढून जावे लागले.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे प्रस्तावनाकार या नात्याने माझे कर्तव्य आहे. अलीकडे प्रत्येक दुर्घटनेचे खापर हवामानबदलावर फोडण्याची एक सोयीस्कर रीत सरकारदरबारी रुजू पाहत आहे. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराचेच घ्या. महाबळेश्वरास चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, तो अस्मानी खराच. परंतु वाशिष्ठी आणि शिव या नद्यांची पात्रे वर्षानुवर्षांच्या गाळाने उथळ झाली होती, वरच्या डोंगरावरची झाडी सपाट झाली होती, पूररेषेच्या आत बाजारपेठ वाढली होती, आणि कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे अवजल याच वाशिष्ठीत येते. पाऊस वाढला आहे म्हणून गाळ काढण्याची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. समुद्राची धूप हीही अशीच मिश्र गोष्ट आहे. मालवण तालुक्यातील देवबाग हे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदी अशा वाळूच्या पट्टीवर वसलेले गाव. तेथे किनारा खचतो त्याला समुद्र जसा कारण आहे तसाच वाळूचा उपसाही, आणि एका ठिकाणी घातलेला दगडी बंधारा शेजारच्या ठिकाणची वाळू नेतो, हेही खरे. या ग्रंथातील लेखकांनी अस्मानी किती आणि सुलतानी किती याची वाटणी जेथे करता आली तेथे केली आहे, जेथे करता आली नाही तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे. त्यांची ही सचोटी मला त्यांच्या निष्कर्षांइतकीच मोलाची वाटते.

सड्यावरच्या वाड्यांना तीन हजार मिलिमीटर पावसानंतरही एप्रिलात टँकर लागतो, या जुन्या विरोधाभासावर स्वतंत्र प्रकरण आहेच. ते येथे संक्षेपाने सांगून त्याची गोडी घालवीत नाही.

उपाय सुचविणे हा प्रस्तावनेचा प्रांत नव्हे. तथापि वाचकांपैकी ज्यांचे नाव कोकणातल्या एखाद्या सातबाऱ्यावर आहे, आणि मुंबई-पुण्याच्या मराठी वाचकांत असे लोक थोडेथोडके नाहीत, त्यांच्यापुरती एक विनंती करून रजा घेतो. निसर्ग वादळानंतर मदतीची रक्कम अनेक वाड्यांवर पोहोचण्यास जो विलंब झाला, त्याचे एक कारण सामाईक खाती हे होते. आजोबांच्या नावावरची वाडी, त्यावर चौदा वारस, त्यांतील चौघे बोरिवलीस, दोघे बडोद्यास, एक परदेशी. आणि वाडी राखणारा एकटा भाऊ किंवा विधवा भावजय सर्वांची संमतिपत्रे गोळा करीत तलाठ्याच्या सज्जात खेपा घालीत आहे. अंदाज चुकलेले हवामान आपल्या हाती नाही, हे दप्तर आहे. तेव्हा येत्या गणपतीस गावी जाल त्या वेळी एक सकाळ तलाठ्याकडे काढावी, वारसनोंद राहिली असल्यास करून घ्यावी, पीकपाहणीत माड, पोफळी आणि जायफळ यांची झाडे मोजून लावून घ्यावीत, आणि जो प्रत्यक्ष वाडी कसतो त्याच्या नावे संमतिपत्र आधीच लिहून ठेवावे. पुढच्या वादळानंतर पाहणीस येणारा कर्मचारी कागदावर जे असेल तेवढेच मोजणार आहे.